बेसॉल्टच्या थिन सेक्शनचे फोटो भिंतीवर लावायचेत: रंग फिके, प्रिंट भुरकट

गारगोटी:
हॉलच्या एका भिंतीवर २४ × ३६ इंचाच्या तीन फ्रेम लावायच्या आहेत. विषय आपलाच काळा पत्थर, पण सूक्ष्मदर्शकाखालचा. शिवाय तेच डिझाइन एका दुपट्ट्यावर छापून घ्यायचा विचार आहे.

हाताशी असलेलं सामान: कॉलेजात असतो तसा साधा बायोलॉजिकल मायक्रोस्कोप (४एक्स, १०एक्स, ४०एक्स, वर कॅमेऱ्याची नळी), २४ मेगापिक्सेलचा मिररलेस कॅमेरा आणि प्रयोगशाळेतून करून घेतलेल्या बेसॉल्टच्या सहा स्लाइड (थिन सेक्शन, म्हणजे काचेवर चिकटवून प्रकाश आरपार जाईल इतका पातळ घासलेला दगड). जाडी ३० मायक्रॉन, वर कव्हर स्लिप नाही. पोलरायझर म्हणून कॅमेऱ्याचे दोन सीपीएल (सर्क्युलर पोलरायझर) फिल्टर वापरते, एक दिव्यावर आणि एक वरच्या नळीत.

अडचणी तीन. फिल्टर कितीही फिरवले तरी रिकामी जागा पूर्ण काळी होत नाही. इंटरनेटवर दिसतात तसे निळे-गुलाबी रंग येत नाहीत, सगळं राखाडी आणि मळकट दिसतं. आणि एका फोटोची २४ × ३६ ची प्रिंट काढली तर ती जवळून अगदी भुरकट आली, कडा कुठेच धारदार नाहीत. कॅमेरा बदलावा लागेल का?

पातळछेद:
कॅमेरा बदलू नका. आधी काळोखाचं बघू.

सीपीएल म्हणजे सरळ पोलरायझर आणि त्याच्या पाठीला चिकटवलेली पाव-लहरीची पट्टी. प्रकाश फिल्टरच्या पुढच्या काचेतून शिरला तरच तो विश्लेषकाचं, म्हणजे नमुन्याच्या वरच्या पोलरायझरचं, काम करतो. म्हणजे वरच्या नळीतला फिल्टर पुढची बाजू खाली, स्लाइडकडे करून हवा. दिव्यावरच्या फिल्टरचंही तसंच: त्याची पुढची बाजू वर, स्लाइडकडेच हवी, म्हणजे बाहेर पडणारा प्रकाश सरळ ध्रुवित असेल. थोडक्यात दोन्ही फिल्टरांची तोंडं एकमेकांकडे. तुमच्याकडे बहुतेक खालचा फिल्टर सुलटा ठेवलेला आहे, म्हणून वर्तुळाकार ध्रुवित प्रकाश वर जातो आणि तो कुठल्याच कोनात अडत नाही. उलटा करून फिरवा, ९० अंशांवर मिट्ट काळोख होईल. तरीही काही भाग उजळ राहिला तर मध्ये कुठे प्लास्टिक आहे का बघा. प्लास्टिकची स्लाइड किंवा कंडेन्सरमधलं प्लास्टिकचं भिंग स्वतःचेच रंग घालतं.

आता राखाडी रंग. ही चूक नाही, ३० मायक्रॉनचा बेसॉल्ट तसाच दिसतो. दोन पोलरायझरच्या मध्ये खनिज जो रंग दाखवतं तो व्यतिकरणाचा रंग. तो ठरतो जाडी गुणिले द्विअपवर्तन (स्फटिकाच्या दोन अपवर्तनांकांतला फरक) या हिशेबाने. दख्खनच्या बेसॉल्टमधला प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार साधारण ०.००९ चा. ३०,००० नॅनोमीटरला ०.००९ ने गुणलं की २७० नॅनोमीटर, म्हणजे पहिल्या श्रेणीतला (रंगांच्या पहिल्या फेरीतला) राखाडी-पांढरा. ऑगाइट ०.०२५ च्या आसपास जातो, त्यामुळे तो दुसऱ्या श्रेणीचे निळे, हिरवे, पिवळे रंग दाखवतो. ऑलिव्हिन त्याच्याही पुढे, पण आपल्याकडे तो बऱ्याचदा बदलून लालसर-तपकिरी इडिंगसाइट झालेला असतो. मॅग्नेटाइट अपारदर्शक, काळाच राहणार. मिशेल-लेव्ही यांचा १८८८ सालचा रंगतक्ता हाच हिशेब एका पानावर मांडतो. त्याची प्रत मायक्रोस्कोपच्या बाजूला चिकटवून ठेवा, कुठलं खनिज कुठला रंग देणार याचा अंदाज आधीच येतो.

रंग हवे असतील तर दोन वाटा आहेत.

पहिली वाट लॅम्डा प्लेटची, म्हणजे दोन्ही पोलरायझरच्या मध्ये ५५० नॅनोमीटरच्या आसपासचा पथफरक देणारी एक पट्टी घालायची. मग काळी पार्श्वभूमी किरमिजी होते आणि राखाडी फेल्डस्पार त्याच्या दिशेप्रमाणे निळा किंवा पिवळा होतो. विकतची प्लेट बायोलॉजिकल मायक्रोस्कोपात बसत नाही, पण पारदर्शक चिकटपट्टीने काम भागतं. कोऱ्या स्लाइडवर चिकटपट्टीचे थर एकाच दिशेने चिकटवत जा, ४५ अंशांत धरा आणि पार्श्वभूमी किरमिजी झाली की थांबा. किती थर लागतील ते पट्टीवर अवलंबून असतं. ही स्लाइड नमुन्याच्या खाली, पोलरायझरच्या वर ठेवायची. ऑब्जेक्टिव्हच्या (नमुन्याजवळच्या भिंगाच्या) वर ठेवली तर चित्र लोण्यासारखं पसरतं.

दुसरी वाट म्हणजे छेद मुद्दाम जाड ठेवणं. तोच फेल्डस्पार ४५ मायक्रॉनला पिवळा, ६० ला जांभळट लाल, १०० ला दुसऱ्या श्रेणीचा पिवळा दिसतो. परीक्षेच्या स्लाइडला हे चालणार नाही, भिंतीला चालतं. मात्र बारीक दाण्यांच्या बेसॉल्टला हा उपाय करू नका. दाणे ५० मायक्रॉनहून लहान असतील तर एकावर एक येतात आणि रंगांचा चिखल होतो. नंदुरबार-धुळे भागातल्या डाइकमधला (खडकाच्या भेगेत थिजलेल्या शिलारसाच्या भिंतीतला) डोलेराइट घ्या, तो बेसॉल्टचाच जाड दाण्यांचा प्रकार. त्यात दाणे मोठे असतात आणि ऑगाइटच्या एकेका मोठ्या स्फटिकात फेल्डस्पारच्या काड्या रुतलेल्या दिसतात. सजावटीसाठी आपल्या मुलुखात याहून चांगली पोत शोधून सापडणार नाही असं माझं मत.

काळा_कातळ:
डोलेराइटबद्दल सहमत, "याहून चांगली सापडणार नाही" याबद्दल नाही. बेसॉल्टच्या पोकळ्यांत भरलेला कॅल्सेडनी (तंतुमय क्वार्ट्झ) पाहा. तंतू पंख्यासारखे पसरलेले असतात आणि लॅम्डा प्लेट घातली की प्रत्येक गोल पंख्याचे चार पाव भाग आलटून पालटून निळे-पिवळे होतात. स्कोलेसाइटच्या सुयांचे झुबके आणि स्टिल्बाइटच्या पेंढ्याही तशाच.

फक्त स्कोलेसाइट, स्टिल्बाइट या झिओलाइटांचा छेद करताना उष्णता देऊ नका. त्यांच्या जाळीत पाणी असतं. हॉटप्लेटवर इपॉक्सी लवकर सुकवायला गेलात की पाणी निघतं, स्फटिक तडकतात आणि छेदभर केसासारख्या भेगा दिसतात. थंड सुकणारं इपॉक्सी, आणि निर्वात भांडं असेल तर आधी त्यात इपॉक्सी मुरवून घ्यायचं. नुसतं वर ओतलं तर पोकळीत हवा राहते, घासताना स्फटिक उखडून जातो आणि खड्ड्यात कार्बोरंडम (घासायची भुकटी) अडकतं.

निळ्या-गुलाबीचा सोसच असेल तर नागपूर जिल्ह्यातल्या सौसर गटाचा (तिथल्या प्राचीन खडकांचा समूह) अभ्रकाचा शिस्ट मिळवा. मस्कोव्हाइट ०.०३६ च्या पुढे, लॅम्डा प्लेट न लावताच तिसऱ्या श्रेणीपर्यंतचे गुलाबी-हिरवे देतो. त्याच भागातला संगमरवर मात्र निराश करेल. कॅल्साइट ०.१७२ चा, त्यामुळे रंग इतक्या वरच्या श्रेणीत जातात की सगळं मोतिया पांढरं दिसतं. गोव्याचा पट्टेदार लोहपाषाण हातात सुंदर, पण खालून प्रकाश टाकला की हेमॅटाइटचे पट्टे ठार काळे. त्याला वरून पडणारा प्रकाश लागतो, ते वेगळंच यंत्र. गार्नेट तर क्रॉस पोलरमध्ये (दोन्ही पोलरायझर काटकोनात) काळाच, पण त्या काळ्या गोल दाण्यांचा रंगीत अभ्रकाच्या मधोमध चांगला उपयोग होतो.

लोणारचा दगड आणू नका. ते अभयारण्य आहे. खाणीच्या टाकाऊ ढिगातून, तेही मालकाला विचारून, भरपूर मिळतं.

तिरकाप्रकाश:
भुरकट प्रिंटचं कारण साधं गणित आहे. ४एक्स ऑब्जेक्टिव्हचं एनए (भिंग किती रुंद कोनातून प्रकाश घेतं त्याचा आकडा) बहुधा ०.१०. हिरव्या प्रकाशात त्याला दिसू शकणारा सर्वांत बारीक तपशील साधारण ३.४ मायक्रॉनचा. म्हणजे १.७ मायक्रॉनला एक पिक्सेल पुरतो, त्याहून जास्त पिक्सेल नुसती हवा. एका फोटोत ३.६ × २.४ मिमी भाग येतो असं धरू, तर खरी माहिती लांबीत जेमतेम २,१०० पिक्सेलची. ती ३६ इंचांवर ताणली की ५९ डीपीआय (दर इंचाला ठिपके) उरतात. तुमचा कॅमेरा ६,००० पिक्सेल देतो, पण ऑब्जेक्टिव्हने जे पकडलंच नाही ते तो कुठून आणणार?

भिंतीवरच्या चित्राला १५० डीपीआय पुरतात, म्हणजे ५,४०० × ३,६०० खरे पिक्सेल. ४एक्सला त्यासाठी दगडाचा ९.२ × ६.१ मिमी भाग टिपायला हवा. शेजारच्या फोटोंत ३० टक्के भाग सामायिक ठेवला तर ४ × ४ असे सोळा फोटो लागतात. १०एक्सने (एनए ०.२५) तोच हिशेब ३.६ × २.४ मिमी भागाचा येतो आणि फोटो तेवढेच, सोळा. तेव्हा ऑब्जेक्टिव्ह निवडताना दाण्याचा आकार बघा. ४एक्सचं चित्र भिंतीवर शंभरपट होतं. अर्ध्या मिलिमीटरचा दाणा पाच सेंटिमीटरचा दिसेल, आणि हॉलच्या दुसऱ्या टोकावरून ओळखू येण्यासाठी एवढा तरी हवाच.

फोटो काढताना:

कव्हर स्लिप नाही म्हणता, म्हणजे वरचा पृष्ठभाग घासलेला, दुधाळ आहे. मळकटपणाचं अर्धं कारण हेच. एक थेंब तेल आणि वर ०.१७ मिमीची कव्हर स्लिप ठेवा. लवंगेचं शुद्ध तेल यासाठी छान, त्याचा अपवर्तनांक १.५३ च्या जवळ, म्हणजे काच आणि फेल्डस्पारच्या शेजारचा. ग्लिसरीन १.४७ चं, तेही चालतं. फरक डोळ्यांनी लगेच दिसतो, ओरखडे जणू पुसले जातात. काम झालं की तेल पुसून आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक हलका हात मारा. तेल दिवसभर ठेवलं तर कडेचं इपॉक्सी मऊ पडू शकतं.

कॅमेरा पूर्ण मॅन्युअल. आयएसओ १००, शटर इलेक्ट्रॉनिक, दोन सेकंदांचा टायमर, रॉ फाइल. व्हाइट बॅलन्स वरचा फिल्टर काढून रिकाम्या काचेवर एकदाच ठरवा आणि हात लावू नका. ऑटो राहिला तर सोळा फोटोंचे सोळा रंग होतील आणि गोधडी दिसेल. हिस्टोग्राम तिन्ही रंगांचा वेगवेगळा बघा. या चित्रांत एकूण उजेड ठीक दिसतो आणि निळा किंवा लाल एकटाच कापला गेलेला असतो. मग निळ्या दाण्याच्या आतली सगळी छटा सपाट होते.

कंडेन्सरचं छिद्र ऑब्जेक्टिव्हच्या एनएच्या तीन चतुर्थांशावर ठेवा. जास्त बंद केलं तर कॉन्ट्रास्ट वाढल्याचा भास होतो, पण प्रत्येक कडेला दुहेरी रेघ येते आणि धुळीचा कण न् कण उठून दिसतो. ४एक्सला कोपरे काळे पडत असतील तर कंडेन्सर थोडा खाली घ्या.

फोकस ४एक्सला एकदाच लावला तरी चालतो, त्याची खोली ५० मायक्रॉनच्या वर असते. १०एक्सला ती जेमतेम ९ मायक्रॉन. स्लाइड किंचित तिरकी असली तरी एका टोकाचे फोटो हलल्यासारखे येतात. प्रत्येक जागी ४-४ मायक्रॉनच्या अंतराने पाच फोटो घेऊन ते एकत्र करा.

जोडण्यासाठी फिजीमधलं ग्रिड स्टिचिंग वापरा, हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ओळीचा क्रम बरोबर सांगा, सामायिक भाग ३० टक्के लिहा, मिश्रणासाठी लिनिअर ब्लेंडिंग. पॅनोरमाची इतर साधनं चित्राला गोल फिरवून बघायला जातात आणि सरळ कडा वाकवतात. जोडण्याआधी प्रत्येक फोटो रिकाम्या काचेच्या फोटोने भागून घ्या, नाहीतर मधला उजळ ठिपका सोळा वेळा दिसेल.

पातळछेद:
एक भर. रिकाम्या काचेचा तो फोटो क्रॉस पोलरमध्ये काढायचा नाही, तो काळाच येणार. विश्लेषक फिरवून दोन्ही पोलरायझर समांतर करा, कंडेन्सर आणि फोकस आहे तिथेच ठेवा, मग काढा. त्याला ५० पिक्सेलचा गॉशियन ब्लर द्या, नाहीतर त्याच्यातली धूळ सगळ्या फोटोंत छापली जाईल.

गारगोटी:
खूप आभार सगळ्यांचे. खालचा सीपीएल उलटा केला आणि खरंच मिट्ट काळोख झाला. तेलाचाही फरक दिसला. चिकटपट्टीला मात्र किरमिजी येत नाहीये. दोन थरांना तपकिरी-पिवळा, तीनला एकदम हिरवट. आणि माझ्या मायक्रोस्कोपचं स्टेज गोल फिरत नाही, मग दाण्यांची दिशा कशी बदलू?

पातळछेद:
ताई, दोन थर कमी पडतात आणि तिसरा पुढे नेतो, एवढाच अर्थ. दुसऱ्या कंपनीची पातळ पट्टी एक थर म्हणून घालून बघा. किंवा तीन थरांवर पातळ सेलोफेनचा एक तुकडा काटकोनात ठेवा. काटकोनातला थर वजा होतो, त्यामुळे हिरव्यावरून मागे किरमिजीकडे येता येतं. पट्टी चिकटवताना ओढू नका, ताणली की रंग जागोजागी बदलतो.

स्टेज फिरत नसेल तर दोन्ही पोलरायझर आणि पट्टी एकत्र, सारख्याच कोनात फिरवा. दाणा दर ९० अंशांनी काळा (पट्टी असेल तर किरमिजी) होतो आणि मधल्या ४५ वर सर्वांत उजळ, तेव्हा शून्य ते ९० मध्ये फिरवून नजरेला आवडेल तो कोन पकडा आणि सोळाही फोटो त्याच कोनात काढा.

तीन फ्रेम लावायच्या आहेत म्हणून सांगतो: पोलरायझर न हलवता फक्त चिकटपट्टीची स्लाइड ९० अंश फिरवली तर निळे दाणे पिवळे होतात आणि पिवळे निळे. नमुना जागचा हललेला नसतो. तेच सोळा फोटो परत काढले की दगडाच्या एकाच तुकड्याची दोन उलट रंगांची चित्रं मिळतात. मधल्या फ्रेमला पट्टीशिवायचं, राखाडी-काळं. भिंत गप्प आणि बोलकी दोन्ही दिसते.

शाई_आणि_सूत:
आता छपाईकडे येते.

किरमिजी आणि गडद निळा हे दोन रंग चार शाईंच्या यंत्रावर हमखास मरतात. फ्लेक्स छापणाऱ्याकडे देऊ नका. आठ ते बारा शाईंचं पिगमेंट इंकजेट असलेल्या ठिकाणी द्या. स्वतः सीएमवायके करून पाठवू नका, ॲडोबी आरजीबीची १६ बिट टिफ फाइल प्रोफाइल आत ठेवून पाठवा, आणि त्यांच्या कागदाची प्रोफाइल मागवून आपल्या पडद्यावर आधी बघा. सगळ्यात आधी ८ × १२ इंचाचा नमुना छापायचा, पण पूर्ण चित्र लहान करून नव्हे. अंतिम आकारातला एक तुकडा कापून, ज्यात सर्वांत भडक आणि सर्वांत काळा भाग दोन्ही असतील. लहान केलेलं चित्र कायम धारदारच दिसतं आणि फसवतं.

मॅट कॉटन कागदावर काळं खोल जात नाही, गडद छटा एकमेकींत बुडतात. सावल्या थोड्या उचलून द्या किंवा बरायटा (बेरियम सल्फेटचा लेप असलेला फोटोचा) कागद घ्या. कॅनव्हासवर या चित्रांचा मी विरोधच करेन. विणीची जाळी दाण्यांच्या बारीक कडा खाते, आणि काठावर काळा दाणा आला तर चौकटीवर दुमडताना शाईला तडे जाऊन पांढरं दिसतं. तरी करायचाच असेल तर चारी बाजूंना दोन इंच जास्तीचं चित्र ठेवा.

दुपट्टा. सुती, व्हिस्कोज किंवा रेशमावर रिॲक्टिव्ह शाई, वाफ देऊन पक्की करून धुतलेली. सब्लिमेशन (उष्णतेने शाईची वाफ करून कापडात उतरवणं) फक्त पॉलिएस्टरवर टिकतं. कुणी सुतीवर सब्लिमेशन करून देतो म्हणाला तर पहिल्या धुण्यात रंग निघेल. काळी जमीन जास्त असेल तर धुलाई पुरी झाली आहे का ते विचारा, ओला पांढरा रुमाल घासून बघा. सुती कापड ३ ते ५ टक्के आटतं, तेवढं वाढवून घ्या.

डिझाइनची पुनरावृत्ती हा खरा कस. बहुतेकजण चित्र आरशासारखं उलटवून जोडतात. जोड दिसत नाही हे खरं, पण मधल्या रेघेवर वटवाघळं आणि मुखवटे दिसायला लागतात आणि एकदा दिसले की दुसरं काही दिसत नाही. त्याऐवजी ३२ × ३२ सेंटिमीटरचा चौकोन घ्या (१५० डीपीआयला १,८९० पिक्सेल), गिंपमध्ये ऑफसेट वापरून अर्धी रुंदी आणि अर्धी उंची सरकवा. जोड मध्यभागी येतो. तो सरळ रेषेत पुसू नका, दाण्यांच्या सीमेवरून कापत जा. एका बाजूचा अख्खा दाणा उचलून जोडावर ठेवला की काम झालं. क्रिटाच्या रॅपअराउंड मोडमध्ये हे करताना चारी बाजू एकदम दिसतात. एकच भडक दाणा किंवा एकच मोठा पंखा चौकोनात ठेवू नका, कापडावर त्याचे ठिपके ओळीने मोजता येतात.

खनिजांवरून कापडाची नक्षी ही कल्पना नवी नाही. १९५१ च्या फेस्टिव्हल ऑफ ब्रिटनसाठी केंब्रिजच्या हेलन मेगॉ यांनी स्फटिकांच्या अणुरचनेच्या आकृत्या पुरवल्या होत्या आणि त्यावरून पडदे, वॉलपेपर तयार झाले. त्या आकृत्या मुळातच पुनरावृत्तीच्या, म्हणून त्यांना जोडाची अडचण नव्हती. आपला दगड तसा आज्ञाधारक नाही.

काळा_कातळ:
फ्रेमच्या मागे चिठ्ठी लावा: खडक, ठिकाण, छेदाची जाडी, क्रॉस पोलर की लॅम्डासह, आणि चित्राची खरी रुंदी मिलिमीटरमध्ये. रंग फोटोशॉपमध्ये फिरवले असतील तर तेही लिहा. लॅम्डाचे रंग प्रकाशाने दिलेले असतात, ह्यू स्लायडरचे नसतात, आणि भूविज्ञानवाला पाहुणा ते दारातूनच ओळखतो. स्लाइड कॉलेजच्या असतील आणि दुपट्टे विकायचे असतील तर विभागाला आधी विचारा.

गारगोटी:
स्लाइड माझ्याच आहेत, विकायचं काही नाही. सेलोफेनची युक्ती चालली, किरमिजी आला. शेवटचा प्रश्न: फ्रेमला काच साधी लावू का?

शाई_आणि_सूत:
साधी नको. तुमच्या चित्रात काळं भरपूर आहे, त्यात समोरची खिडकी आणि पंखा दिसत राहील. परावर्तन रोखणारी काच घ्या, आणि काच व प्रिंटमध्ये ३ मिमीची माउंटची पट्टी ठेवा. पावसाळ्यात प्रिंट काचेला चिकटली तर निघताना शाई घेऊनच निघते.